उखाण्यात घ्या

१९५७ साली, शिमगा आठवड्यावर आलेला असताना, ऐरोलीचा हिरामण कोळी तापाने गेला. आज जिथल्या पुलावरून मुलुंडला गाड्या धावतात, तिथे तेव्हा नुसती खाडी होती, आणि त्या खाडीत हिरामणच्या होडीसारखी देखणी होडी दुसरी नव्हती. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली बायको गोजरा आणि ती होडी.

हिरामणच्या एका लांबच्या भावाने होडीवर हक्क सांगितला, म्हणून सरकारने ती काठावर ओढून, दोर बांधून, लाखेचं सील मारून ठेवली. पुढे भावाने हक्क सोडलाही. आता फक्त गोजराचा जबाब घ्यायचा, वारस म्हणून तिचं नाव लावायचं आणि सील काढायचं, एवढंच उरलं. ते काम ठाण्याच्या कचेरीतल्या वामनरावांचं.

"मयताचं नाव?" वामनरावांनी विचारलं.

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं, तो गेला तरी. गोजराने पदर ओढला. "सायेब, अर्जात लिवलाय ना."

"जबाब तुझ्या तोंडून हवा."

"कानातल्या कुडीत चमकतो ना खडा, त्याच्यावरनं नाव हाय त्यांचा."

कचेरी हसली. वामनराव खुर्चीत रेलले. "कोडी नकोत. तुम्हा बायकांची रीत असते ना? उखाण्यात घे. घे, लाजू नको."

गोजराचं कुंकू पुसून वर्षही झालं नव्हतं. उखाणा सवाष्णीने घ्यायचा, मांडवात, हळदीकुंकवाला, हसत हसत. दारातला शिपाईसुद्धा हसायचा थांबला. वामनराव थांबले नाहीत.

"नाही सुचत? मग ये पुढच्या खेपेला."

ती गेली. पुन्हा गेली. दरवेळी तेच, "काय गोजराबाई, सुचला का उखाणा?" दोन उन्हाळे होडी उन्हात पडून राहिली. लाखेचं सील शाबूत होतं, फळ्या मात्र फाकल्या.

शेजारची सखू म्हणाली, "अगो, घे ना एकदा नाव. होडी चालली तुझी."

"होडी गेली, सखू. काल हात लावला तं फलीतनं बोट आरपार गेला. आता मना होडी नको. मना त्याचा तोंड बघायचा हाय."

"कुनाचा?"

"उखाना मांगनाऱ्याचा."

गोजरा तेव्हा दुसऱ्यांची मासळी पाटीत घालून मुलुंडला विकायची. तिथे मालतीबाई नावाच्या वकील राहत; हायकोर्टात जात. पापलेट निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकलं आणि पापलेट तसंच ठेवून तिला आत नेऊन बसवलं.

"सरकारी माणूस करायचं काम करत नसेल, तर हायकोर्ट त्याला करायला लावतं. त्याला रिट म्हणतात. होडी तुला मिळेल."

"होडी ऱ्हाऊ द्या, बाईसायेब. त्याना फक्त इचारा, मना काय बोल्ले ते. सगल्यांसमोर."

वामनरावांनी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं: वारंवार विचारूनही बाईने मयताचे नाव सांगितले नाही, सबब विलंब तिचाच. मालतीबाई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, की कसं विचारलं ते त्यांनाच विचारावं. न्यायमूर्तींनी वामनरावांना पुढे बोलावलं.

न्यायमूर्ती परप्रांतातले, सगळं इंग्रजीत चाललं होतं. गोजराला एक अक्षर कळेना. मग त्या इंग्रजीतून एकच शब्द ओळखीचा आला. उखाणा. न्यायमूर्तींनी मान वर केली, काहीतरी विचारलं. वामनरावांनी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा उखाणा. लग्नात, असं काहीतरी हातवाऱ्यांनी दाखवलं त्यांनी. मग न्यायमूर्तींनी गोजराच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात एक प्रश्न केला. वामनरावांचे कान लाल झाले. काळे कोट मागे वळून बघू लागले. गोजराने वामनरावांच्या तोंडावरची नजर हलवली नाही. दोन वर्षांची भूक होती ती. तिने पोटभर बघितलं.

हुकूम झाला: नाव ताबडतोब लावा, आणि या अधिकाऱ्याने स्वतः गावी जाऊन सील काढून होडी बाईच्या हवाली करावी.

वामनराव मुलुंडच्या बाजूने तरीतून, खाडी पार करून देणाऱ्या भाड्याच्या नावेतून, आले. सगळं गाव काठावर. सील तोडलं, दोर सोडला, कोरड्या फळ्या खाली गळल्या.

"घे तुझी होडी."

"कुनाची, सायेब?" गोजरा म्हणाली. "आधी कुनाची व्हती? नाव घ्या."

"हिरामणची."

"असा नाय. उखान्यात घ्या. लाजू नका."

आधी बायका हसल्या, मग सगळा काठ. वामनराव तोंड फिरवून तरीकडे वळले, तर ओहोटी लागलेली आणि तरीवाला गायब. गुडघाभर चिखलातून, बूट हातात धरून, ते उथळ पाण्यातल्या होड्यांकडे गेले. एकाही कोळ्याने त्यांच्या हाकेला ओ दिली नाही. भरती येईपर्यंत ते तिथेच उभे होते.

वामनरावांची पुढे बदली झाली, पण उखाण्याची गोष्ट त्यांच्या आधी नव्या कचेरीत पोचली होती. निवृत्त होईपर्यंत पाठीमागे त्यांना 'नाव घ्या' म्हणत. मालतीबाई म्हाताऱ्या होईपर्यंत हायकोर्टात जात राहिल्या. ऐरोलीची मासळी त्यांच्याकडे कधी चुकली नाही. सखू मुलाकडे कोपरखैरण्याला राहायला गेली आणि तिथेच वारली.

गोजराने त्या वर्षीच्या होळीत होडीची फळी न् फळी घातली. नवी घेतली नाही. शेवटपर्यंत पाटी डोक्यावर घेऊन हिंडली. आणि हिरामणचं नाव तिने मरेपर्यंत घेतलं नाही, उखाण्यातही नाही.