ना लाल, ना निळी

मित्रांनो, मी एक जुनी लाल-निळी पेन्सिल आहे. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. कारखान्यात दोन रंगांच्या कांड्या एकाच लाकडात बसवल्या, तेव्हापासून त्यांचा संसार एकत्र, पण तोंडं मात्र दोन दिशांना. माझं लाकूड आता बोटभरच उरलं आहे. चौकसपणा तेवढा तसूभरही कमी झालेला नाही.

माझ्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. चुकलं की लाल फुली, बरोबर आलं की निळी खूण. मला वाटायचं, जगात एवढ्या दोनच गोष्टी असतात. मुलं माझ्या निळ्या टोकाची वाट पाहायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वही होता. मग बाई निवृत्त झाल्या आणि मी शिवणाच्या डब्यात, बटणं नि तुटक्या चेनच्या संगतीत जाऊन पडले. कुणी साधं टोकही करेना. ते दिवस फार वाईट गेले.

एक दिवस बाईंनी मला बाहेर काढलं. शेअर बाजाराचे तक्ते हाताने काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. "फोनवर आयतं दिसतं, म्हणून डोळे नुसते वरून फिरतात," त्या म्हणायच्या. "हाताने काढलं की डोक्यात उतरतं."

आधी शिसपेन्सिल चौकट आखायची. सकाळी भाव जिथे उघडला तिथपासून, बाजार सुटताना जिथे बंद झाला तिथवर. दिवसभरात भाव त्याच्याही वर-खाली जिथवर भटकून आला, तिथवर बारीक रेघ. झाली मेणबत्ती, वातींसकट. मग माझी पाळी. चढून बंद झाला तर निळा रंग, पडून बंद झाला तर लाल. कधी अंग एवढंसं आणि दोन्हीकडच्या वाती लांबलचक असायच्या. त्याला बाई भोवरा म्हणायच्या. फिरला खूप, सरकला नाही.

बाईंचा धाकटा भाऊ शिंपी. त्याने साठवलेल्या पैशांतून एकाच कंपनीचे शेअर घेतले होते. ते विकून त्याला काजं करायचं मशीन घ्यायचं होतं, कारण हाताने काजं करून त्याची बोटं आखडायला लागली होती. मशीनवाला आठवडाभर थांबतो म्हणाला होता. पण हा रोज संध्याकाळी येऊन त्या कंपनीच्या चढत्या निळ्या मेणबत्त्या बघायचा आणि म्हणायचा, "ताई, अजून एक निळी येऊ दे. मग विकतो."

एका संध्याकाळी शिसपेन्सिलीने लांब उभी रेघ ओढली आणि तिला छेदणारी एक आडवी रेघ. बस्स. मी टोक सरसावून तयार होते, पण बाईंनी मला उचललंच नाही. मला फार नवल वाटलं.

"रंग?" धाकट्याने विचारलं.

"रंग नाही. जिथे उघडला तिथेच बंद झाला. याला डोजी म्हणतात. घेणारे वर ओढत होते, विकणारे खाली. शेवटी दोघंही दमून जागच्या जागी."

"म्हणजे आता पडणार?"

"तसंही नाही. इतके दिवस घेणाऱ्यांचं चालत होतं, आज चाललं नाही, एवढंच. बाजाराचं तळ्यात-मळ्यात चाललंय. उद्याची मेणबत्ती बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही."

"अगं, मशीनवाल्याला उद्या सकाळीच हो-नाही सांगायचंय."

बाई चहा ठेवायला आत गेल्या. धाकट्याने मला उचललं, निळं टोक खाली केलं आणि त्या आडव्या रेघेवर घासायला लागला. रेघेची पट्टी झाली, पट्टीची छान निळी मेणबत्ती झाली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पाहिल्या होत्या, स्वतः चूक लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. तेवढ्यात माझं टोक काडकन तुटलं.

बाईंनी कप ठेवले आणि कागद पाहिला. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण त्या त्याच्या शेजारी बसल्या.

"तिथं काहीच नव्हतं, धाकट्या."

"माहितीये. ती मोकळी जागा बघवेना."

"मशीन हवंय ना तुला?"

त्याने बोटं मिटली, सावकाश उघडली. "हवंय गं."

"मग मशीन येईल एवढे शेअर वीक. बाकीचे राहू देत. बाजाराला ठरवता आलं नाही, म्हणून तूही ठरवायचं नाहीस असं कुठंय?"

सकाळी त्याने तसंच केलं आणि मशीनवाल्याला हो सांगितलं; मशीन दुपारीच आलं. त्या दिवशी भाव चांगला चढून बंद झाला. बाईंनी मला नवं टोक केलं आणि मी लांब निळी मेणबत्ती रंगवली. धाकट्याने तिच्या वरच्या टोकावर बोट टेकवलं.

"चुकलोच मी, ताई. एक दिवस थांबायला हवं होतं."

"काल हे कुणाला ठाऊक होतं?" बाई म्हणाल्या. "आजच्या उत्तरावर कालचं गणित तपासायचं नसतं."

त्याने खिशातून कापडाची एक पट्टी काढून बाईंच्या हातात दिली. तिच्यावर नव्या मशीनने केलेली, एकासारखं एक, नीट काजं होती. बाईंनी प्रत्येकावरून बोट फिरवून पाहिलं.

मित्रांनो, मला शार्पनरमध्ये गरागरा फिरवू नका, खाली पाडू नका. माझ्या कांड्या ठिसूळ आहेत. आणि उत्तर ठाऊक नसेल तर उगाच रंग भरू नका, जागा कोरी राहू द्या. तोवर मी शेजारी पडून राहीन. आता मला त्याचं वाईट वाटत नाही. उद्या कोणतं टोक लागेल, याचा विचार करण्यात माझा वेळ छान जातो.