तांब्याभर पाणी

डिंकाचा एक लाडू खाल्ला की आमच्या घरात चाळीसएक पाहुणे येतात. पांढरे कपडे, अनवाणी पाय. येतात ते थेट आतल्या खोल्यांकडे जातात आणि हळूच कडी वाजवतात. आतली माणसं उपाशी आहेत. रिकाम्या ताटांचा आवाज मला ऐकू येतो. पण दारं उघडत नाहीत. किल्ली बाळंतपणात कुठे गेली, कुणाला माहीत नाही.

पाहुणे थोडा वेळ थांबतात. मग मोरीच्या वाटेनं निघून जातात, आणि जाताना प्रत्येक जण तांब्याभर पाणी नेतो. कोरडं जायची त्यांच्यात रीत नाही. त्यांना बाहेर सोडायचं म्हणून मला दर वेळी लघवीला जावं लागतं. आज सकाळपासून अकरा वेळा झालं. मोरी पूर्वी सहा पावलांवर होती. आता वाटेत दोनदा बसावं लागतं.

आई नाही, म्हणून वत्सलाआत्या माझं बाळंतपण करायला आली आहे. तिला पाहुणे दिसत नाहीत.

“आत्या, पाणी दे ना.”

“बाळंतिणीनं असं घटाघटा पिऊ नये गं बाई. पितेस म्हणून तर सारखी पळतेस.” तिनं माठावर परात पालथी घातली आणि वर वरवंटा ठेवला. “लाडू घे. किती वाळलीस!”

मी लाडू खाल्ला. चाळीस आले.

नवरा बोटीवर असतो. फोनवर म्हणाला, “तुझा आवाज पातळ झालाय.” मी म्हटलं, “हो.” मग रेंज गेली.

मोरीपाशी मुंग्यांची रांग लागली होती. आत्या तिच्यावर हळद टाकत होती.

“आत्या, अण्णांच्या वेळीही मुंग्या यायच्या ना?”

“त्याला शुगर होती. जिलबी दिसली की माझा भाऊ कुणाचं ऐकतोय! पण ते बाप्यांचं दुखणं, साठीनंतरचं. तू काल बाळंत झालेली पोर.”

“डॉक्टरांकडे जाऊ या?”

“सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. चार दिवस तर राहिलेत. मग जाऊ की, मी कुठं नाही म्हणतेय?”

मी कॅलेंडर बघायला गेले. तारखा पाण्यात पडल्यासारख्या पसरल्या होत्या. चार दिवस कुठले, ते दिसेना. हात वर केला तर बांगड्या घसरत खांद्यापर्यंत आल्या.

कस्तुरी रडायला लागली. चौतीस दिवसांची माझी मुलगी, तिच्या टाळूला अजून तेलाचा वास येतो. तिला उचलायला वाकले, पण उचलता येईना. ती जड झाली नव्हती. माझ्याच टाचा जमिनीला लागत नव्हत्या, आणि मग चवडेही सुटले. मी घाईनं हात तिच्यापुढे केला. तिनं माझं बोट मुठीत घट्ट धरलं, तेव्हा कुठे मी थांबले, तिच्यावर वीतभर उंच, आडवी.

“आत्या,” मी हाक मारली.

“झोपव गं तिला,” स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. “लाडू वळतेय, हात तुपाचे आहेत.”

कस्तुरी रडून रडून दमली होती. तिचे ओठ थरथरत होते. मला राहवेना. मी हळू आवाजात गाऊ लागले. तिच्या पापण्या जड झाल्या. आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट.