खडूची खूण

जॅक टेकवण्याआधी वृषभने जमिनीवर हलकी फुंकर घातली. मुंग्यांची रांग विस्कटली आणि बाजूला सरली. ही घरातून आलेली सवय होती. जॅकचा दांडा हातात धरून तो तसाच उकिडवा बसला आणि उजेडाकडे पाहत राहिला.

शिरोली नाक्यामागच्या त्या गॅरेजात सकाळ छपराच्या भोकांतून येत असे. भोके लहानमोठी होती, कवडसेही तसेच. ते आधी समोरच्या भिंतीवर उंच उमटत, मग कुणाला घाई नसल्यासारखे खाली उतरू लागत. जुन्या कॅलेंडरवरून, बंद पडलेल्या घड्याळावरून पान्यांच्या फळीवर येत. फळीवर ज्याच्या त्याच्या खिळ्याला ज्याची त्याची वस्तू टांगलेली असे, आणि उजेड प्रत्येकीला स्पर्श करून पुढे जाई. शेवटी तो जमिनीवर सांडलेल्या तेलात पोचला की तेलात मोरपंखी रंग जागे होत. रोज हा रंग उमटेपर्यंत वृषभ कुणाशी बोलत नसे. आज उजेड त्याच वाटेने उतरला आणि एका मोकळ्या खिळ्यापाशी आला. तिथला फॅनबेल्टचा पट्टा विजयसिंहाच्या मुठीत होता.

शिरोळकडे विजयसिंहाची ऊसरोपांची नर्सरी होती. ओल्या रानात रोपांचे ट्रे पोचवायला त्याने चारही चाकांनी ओढणारी पिकअप घेतली होती. परवा संध्याकाळी तीच पिकअप रानातून डांबरी रस्त्यावर आली आणि पहिल्याच वळणावर न वळता सरळ ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर गेली. मागे ट्रेंवर बसलेला त्याचा मुलगा आदर्श उडून पडला. आता तो दवाखान्यात होता आणि त्याच्या मांडीत सळई घातली होती.

गाडी चालवत होता कृष्णात. पंचेचाळिशीचा हा माणूस आता जुन्या टायरवर बसला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि बनियनवर पाठीच्या बाजूने लाल पट्टे उमटले होते. चिखल संपला की गिअरजवळचा छोटा दांडा मागे ओढून पुढची चाकं मोकळी करायची असतात. ते कृष्णात विसरला, म्हणून गाडी वळली नाही, असं विजयसिंहाचं म्हणणं होतं. दांडा ओढला होता, तो निघालाच नाही, असं कृष्णात सांगत होता. प्रत्येक वेळी ते सांगून होताच पट्टा उतरत होता.

"मिस्त्री," विजयसिंह म्हणाला, "दोष गाडीत हाय का ह्याच्या हातात, तेवढं सांग. हातात असला, तर तो हात मी ठेवत न्हाय."

"वृषभ बघू दे, मालक," कृष्णात म्हणाला. "म्या म्हणून तर हितं आणायला लावली. हे पोरगं खोटं बोलायचं न्हाय."

वृषभने मान खाली घातली आणि जॅक चढवला. त्याचे वडील अण्णासो जैन बस्तीत दर्शनाला गेले होते. ते तासाभराने येणार होते. पुढचं चाक जमीन सोडू लागलं. बोटभर वर आलं आणि एकदम दणका देऊन स्वतःच फिरलं, कुणी आतून आवळलेली मूठ सोडावी तसं. वृषभने केबिनमध्ये वाकून दांड्याला दोन बोटं लावली. दांडा निमूटपणे मागे आला.

कृष्णात हसला. हसताना त्याच्या फाटलेल्या ओठातून रक्त आलं.

"बघा मालक. आवळला हुता."

"आवळला कशानं?" विजयसिंहाने वृषभला विचारलं. "बाकीच्यांच्या गाड्या बी रानातनं रस्त्यावर येत्यात की."

उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. वृषभने खिशातून खडू काढला.

"मोजावं लागेल," तो म्हणाला.

गाडी खाली उतरवून त्याने डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर, जिथे टायर जमिनीला टेकला होता तिथे, खुणा केल्या. चाकं सारखी असतील तर मागच्याचे दहा फेरे होतील तेव्हा पुढचीही खूण जमिनीपाशी यायला हवी. आवाराला फाटकाकडे किंचित उतार होता. विजयसिंहाने कृष्णातला उठवलं आणि ढकलायला लावलं. उजव्या बाजूला, उघड्या दाराच्या चौकटीत खांदा देऊन कृष्णात ढकलू लागला. डावीकडून वाकून चालणाऱ्या वृषभला गाडीखालून फक्त पाय दिसत होते. दोन अनवाणी, दोन बुटांतले.

एक. दोन. तिसऱ्या फेऱ्याला गाडी अडखळली आणि पट्ट्याचा आवाज आला. अनवाणी टाचा उचलल्या गेल्या, पुन्हा टेकल्या. चार. पाच. सहाव्याला पुन्हा आवाज. वृषभ मोजत राहिला. मोजणं हे पवित्र काम असल्यासारखे त्याचे ओठ हलत होते. दहा फेरे झाले. कृष्णातने आत हात घालून ब्रेक ओढला आणि दाराची चौकट धरून तो उभा राहिला.

मागची खूण जमिनीला टेकली होती. पुढची पाव फेरा मागे राहिली होती.

बारा दिवसांपूर्वी कृष्णात एकटाच पुढचे दोन टायर बदलायला आला होता. त्या मापाचे टायर संपले होते. वृषभने जवळ होते ते, थोडे उंच, चढवले. चिखलात पुढून चांगलं ओढेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. 'पुढनं जरा उंच दिसतीया,' कृष्णात म्हणाला होता. 'चालतंय,' वृषभने उत्तर दिलं होतं आणि हात पुसले होते. पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण सरळ रस्त्यावरही थांबणार नव्हती, दांडा आतून आवळत जाणार होता. हे त्याला त्याच दिवशी सुचायला हवं होतं.

"काय निघालं?" पलीकडून विजयसिंहाने विचारलं.

वृषभने पुढची खूण अंगठ्याने पुसली.

"आणि एकदा मोजतो," तो म्हणाला.

बुटातला एक पाय जमिनीवरून दिसेनासा झाला. मग दार आपटलं. ते नेहमीसारखं खट्कन मिटलं नाही. मध्ये काहीतरी होतं, ओल्या फांदीसारखं. अनवाणी पाय चवड्यांवर उभे राहिले आणि तसेच राहिले. किंकाळी उशिरा आली.

"टायर," वृषभ म्हणाला. "पुढचे टायर मोठे आहेत. मी बसवले. कृष्णातकाकांचा काही दोष नाही."

विजयसिंह गाडीला वळसा घालून आला. पट्टा वृषभच्या कानापासून हनुवटीपर्यंत बसला. वृषभने हात वर केला नाही. दुसऱ्यांदा उगारलेला पट्टा मात्र विजयसिंहाच्या हातातून सुटला. तो पलीकडे धावला आणि दार उघडू लागला. ते वाकलं होतं. दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

"सावकाश," तो कृष्णातला म्हणत होता. "सावकाश, हालवू नको."

कृष्णात जमिनीवर बसला. चार बोटं भलत्याच दिशेला वळलेला हात त्याने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. कवडसे आता जमिनीवर आले होते. तेलात रंग जागे झाले होते.

"मघाशीच का न्हाय बोललास रं?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

वृषभने हातातल्या खडूकडे पाहिलं. त्याला मोजायची गरजच नव्हती. सकाळी गाडी फाटकातून आत वळताना पुढची चाकं अडखळत, उडत आली होती. तो आवाज कानावर पडताच त्याला कळलं होतं, आणि पट्टा तेव्हा अजून खिळ्यालाच होता.