तळमजल्याला भिंती नाहीत

उलानबातरचं मेथडिस्ट प्रशिक्षण केंद्र वेळेत उघडलं आणि उर्मिलामावशी गारठली नाही. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण ऑगस्ट २००४ मध्ये आम्हालाही ते माहीत नव्हतं.

मंगोलियातून कम्युनिस्ट गेले, जागा मिळाली, आणि सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या चर्चने तिथे केंद्र बांधायला घेतलं. मी वास्तुविशारद, म्हणून आराखडा मी फुकट काढून दिला. मला सवय हौगांगच्या उकाड्याची आणि तिथल्या, खालचा मजला मोकळा सोडलेल्या ब्लॉकची. त्यामुळे हवा खेळावी म्हणून तळमजला भिंतींशिवाय मोकळा ठेवला आणि वर्गांसाठी बारा पंखे पाठवले.

तिथल्या मुकादमाचं पत्र आलं, ‘पंखे पोचले. वारा इथे आधीपासून आहे. भिंती कधी पाठवता?’

मावशी ऑक्टोबरपासून तीन वर्षं तिथे राहून शिकवणार होती. तिची खोली नेमकी त्या मोकळ्या तळमजल्याच्या डोक्यावर.

“प्रणव, तिथे उणे तीस असतं म्हणे.”

“हो, पण कोरडी थंडी असते गं.”

“म्हणजे मी सुका बोंबील होणार. तू आणि तुझा आराखडा, मेल्या!”

तिकीट रद्द करायला मात्र ती तयार नव्हती. चर्चच्या समितीने ‘योग्य त्या खात्याला’ पत्र लिहायचं ठरवलं आणि ते काम माझ्यावर सोपवलं. योग्य खातं मला एकच सुचलं.

‘प्रति, हवामान खाते, उलानबातर. आमच्या तळमजल्याच्या भिंती नोव्हेंबरअखेर पूर्ण होतील. तरी तोपर्यंत शहराचे तापमान चोवीस अंशांखाली जाऊ देऊ नये, ही नम्र विनंती.’