पेन्शनरचं अंडं

"सुरुवात आमच्या घरापासून करा," सुईबाई डॉक्टरांना म्हणाली आणि तिनं हातमोजे मनगटापर्यंत ओढले. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात तिचे फक्त डोळे दिसत होते, पण गल्लीनं तिला आवाजावरून ओळखलं. इथल्या प्रत्येक कुत्र्याला, शेळीला, कोंबडीला आजवर तिनंच लस टोचली होती. तिचं खरं नाव पोस्टमन सोडून कोणाला ठाऊक नसावं. जनावरं तर तिला लांबून पाहूनच पोबारा करत.

डॉक्टर जनावरांच्या दवाखान्यात नुकतेच बदलून आलेले, सज्जन माणूस. स्वतःचं घर शेवटी ठेवलं तर चालणार नाही का, असं त्यांनी हळूच विचारून पाहिलं. तसं केलं तर दुसरं कुठलंच घर दार उघडणार नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. वरच्या रस्त्यावरच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू शिरला होता. आसपासच्या सगळ्या कोंबड्या, धडधाकट असल्या तरी, मारून चुन्यात पुरायच्या असा हुकूम निघाला होता. आता धडधाकट कोंबडी सुखासुखी कोण देणार? काल ती दारोदार समजावत फिरली, तेव्हा शेजारची शिवणवाली सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, आधी तुमच्या सासूबाईंच्या जाऊ द्या. मग आमच्या घ्या." त्यावर सगळी गल्ली हसली होती.

हसायला कारण होतं. या सासू-सुनेचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. सून माणसांची नर्स झाली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं, असं सासूबाईंचं म्हणणं. मुलगा ट्रकवर, कायम बाहेरगावी. त्यामुळे घरात बोलायला या दोघीच, आणि विषय एकच, कोंबड्या. मास्तरीण आज का फुगलीय, ठुमकी खुराड्यात का जात नाही, आणि मुख्य म्हणजे पेन्शनर. ही सगळ्यांत म्हातारी, मानेवरची पिसं झडलेली, अंडं देणं केव्हाच सोडलेली. "आई, तिचं संपलं आता. नुसती बसून खाते," असं सून एकदा बोलून गेली होती. सासूबाईंनी अबोला धरला. तो सुटला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हातारं झालं की दाणेसुद्धा मोजायचे का गं?" सुनेनं तो विषय पुन्हा काढला नाही.

आज मात्र सासूबाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. खुराड्याचं दार स्वतः उघडलं, एकेकीला उचलून डॉक्टरांच्या माणसांकडे दिलं आणि डोकं दुखतंय म्हणून मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. सुईबाई तेवढा वेळ पाठ फिरवून खुराड्याच्या भिंतीवर औषध फवारत राहिली. पोत्यात कोण कोण गेलं, ते तिला बघवलं नाही.

पुढच्या घरांत तिनं सगळं बघितलं. खाटेखाली वाकली, धान्याचे डबे उघडले, माळ्यावर बॅटरी मारली. शिवणवालीच्या छोट्या पोरीनं एक पिल्लू मुठीत लपवलं होतं. सुईबाईनं तिची बोटं एकेक करून उघडली. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. ते जास्त लागलं.

दुपारपर्यंत सगळी गल्ली उरकली. सुईबाई आंघोळ करून ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांची माणसं आपल्या गाडीची चाकं औषधानं धुवत होती. शिवणवाली सुजल्या डोळ्यांनी येऊन बसली होती. सासूबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला होता.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला. कॉक् कॉक् कॉक् कॉकाऽक्.

शिवणवालीनं खुर्ची कर्रकन सरकवली. मोठ्या आवाजात साखरेची चौकशी केली, मग गळक्या नळाची. कोंबडी काही गप्प बसेना. शेवटी तिनं कपात बघत सांगितलं, "मशीनच्या खडखडाटानं माझे कान गेलेत, वहिनी. मला हल्ली काही ऐकू येत नाही."

सुईबाईला तो आवाज पाठ होता. अंडं दिल्यावरच कोंबडी अशी गाव जागं करते. पेन्शनरनं अंडं दिलं होतं! तिनं सासूबाईंकडे पाहिलं. चेहरा भेदरलेला होता, पण डोळ्यांत थोडा तोराही होता.

गाडी निघायच्या बेतात होती. कान बंद केले असते तर कोणाला कळणार होतं? पण वरच्या पोल्ट्रीत झाडलोट करणारी मुलगी त्याच रोगानं दवाखान्यात नळीवर श्वास घेत होती, आणि शिवणवालीची पोर रोज संध्याकाळी याच पेन्शनरला हातानं दाणे भरवायला यायची.

"आई," सुईबाई म्हणाली.

"ठणठणीत आहे गं ती. अंडं दिलंय बघ."

"सगळ्याच ठणठणीत होत्या, आई. हिच्या पोरीच्या मुठीतलं पिल्लूसुद्धा."

शिवणवालीनं तोंडावर हात धरला आणि इतका वेळ आवरलेलं रडू बाहेर आलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. मळक्या कपड्यांच्या टोपलीतून त्यांनी पेन्शनरला आपल्याच जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणलं. तोवर सुनेनं नवा पोशाख चढवला होता.

"त्या माणसांकडे देऊ नको. तूच कर. दुखतं का गं त्यांना?"

"माझ्या हातानं नाही दुखणार."

सुईबाई सवयीनं मागच्या दाराकडे वळली. "समोरून चल," सासूबाई म्हणाल्या. "गल्लीला दिसू दे."

पुढे सून, तिच्या काखेत म्हातारी कोंबडी, आणि मागे चपला ओढत सासूबाई. माणसं दारांत आली. कोणी हसलं नाही. गाडीपाशी डॉक्टरांनी पिशवी उघडून धरली. सुईबाईनं पेन्शनरचे डोळे तळव्यानं झाकले, मान धरली आणि झटक्यात काम संपवलं. तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. हातात अंडं होतं.

"हेही जाणार ना?"

"हो, आई."

"गरम आहे अजून. तू म्हणाली होतीस, हिचं संपलं म्हणून."

"चुकलं माझं."

सासूबाईंनी अंडं पिशवीत अलगद ठेवलं, फुटेल अशा भीतीनं. सुईबाईनं हातमोजे उतरवले, साबणाच्या पाण्याची बादली पुढे ओढली आणि म्हणाली, "हात द्या, आई. मी धुते." त्यांनी हात दिला, पण मूठ मिटलेलीच होती. इतक्या वर्षांत सुनेनं त्यांचा हात असा कधी धरला नव्हता. सुनेनं घाई केली नाही. ती मुठीवर पाणी घालत राहिली, आणि बऱ्याच वेळानं सासूबाईंनी एकेक करून बोटं उघडली.