रेणुकाची गोधडी

जयवंताबाईनं हिरव्या रेशमी झंपराचा तुकडा पुन्हा पुढं सरकवला, आणि रेणुकानं तो पुन्हा बाजूला सारला.

"न्हाई. हे न्हाई."

"मंग काय पाह्यजे, महाराणी?"

सात वर्षांच्या महाराणीनं बोचक्यात हात खुपसून आज्याच्या धोतराचे पिवळे पडलेले पट्टे काढले. त्यांच्यावर एक विटका टॉवेल ठेवला. मग चुलीवरची भांडी उतरवायचं काळपट फडकंही आणून ठेवलं.

जयवंताबाईनं कपाळाला हात लावला. गाढवाला गुळाची चव काय! दिवसभर कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, कंबर धरली होती, आणि ही नात काही ऐकायला तयार नव्हती. रविवारी जावई सुग्रीव तिला न्यायला येणार होता. लेक गेल्यापासून रेणुका आजोळीच होती. आता त्यानं जालन्यात दुसरा संसार मांडला होता, नव्या बायकोची आधीची दोन पोरं होती. लेकरानं बापाकडंच जावं, असं सगळं गाव म्हणत होतं. जयवंताबाईही तेच म्हणायची, पण त्या म्हणण्यात जीव नसायचा. निदान आजोळची गोधडी अशी असावी की बघणाऱ्यानं बघत राहावं, एवढीच तिची हौस उरली होती.

"लोकं म्हनतील, आजीनं चिंध्या बांधून धाडली."

"म्हनू दे."

"अगं, हे टोचंल तुला. रेशमी कसं मऊ ऱ्हातं."

रेणुका फडक्याची घडी नीट करत राहिली.

"चांगली दिसली की ते घेतेत. मागं गेल्ते तवा माझा नवा फ्रॉक घेतला. ही कुणीच घेनार न्हाई."

जयवंताबाई इतकी दमली होती की रडायलाही त्राण नव्हतं. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि लेकीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं आणून धोतराच्या पट्ट्यांवर पसरलं.

"तुह्या मायचं हाय."

रेणुका दचकली. "आजे, हे दिसंल!"

"न्हाई दिसत. हे पोटात जातं. वर तुह्या चिंध्या, खाली तुह्या चिंध्या."

रेणुकानं त्यावर टॉवेल टाकला आणि वाकून चारी कडा तपासल्या. मग तिनं टॉवेलखाली हात घालून लुगडं चाचपलं.

"अजून हायेत का मायचे?"

"हायेत."

"मंग सगळेच टाक."

एवढ्या थरांतून सुई जायची नाही, हे जयवंताबाईला टाका न घालताच कळत होतं. तिनं पेटी रिकामी केली, आणि पोती शिवायचं दाभण कुठं ठेवलंय ते शोधू लागली.