काळा साबण

सकाळपासून कढई चुलीवर होती आणि साबण काही धरत नव्हता.

सालकीन लांब दांड्याचं लाकडी उलथनं दोन्ही हातांनी फिरवत होती. वर चरबी तरंगत होती, खाली राखेचं पाणी उकळत होतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला तयार नव्हती. आत-बाशीच्या खोऱ्यातून वारा असा सुटला होता की धूर घटकेत डोळ्यांत जायचा, घटकेत अंगणभर पसरायचा. शेण्या धड पेटत नव्हत्या, धड विझत नव्हत्या.

"हात चालव, हात! पाळणा हलवतीयास व्हय?" सासू झूराकान दारातल्या लोकरीच्या नमद्यावरून ओरडली. ओढ्याच्या बर्फावर घसरून तिचा उजवा हात मोडला होता, तो प्लास्टरसकट गळ्यात अडकवला होता. तोंड मात्र शाबूत होतं.

"चालवतीच हाय की, आपा."

"मग धरत कसा न्हाई? दही लावलं तर विरजत न्हाई, कणीक मळली तर फुगत न्हाई. तुझ्या हाताला गुणच न्हाई बग."

हे वाक्य सालकीन लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. झूराकानचा काळा साबण म्हणजे गावात नावाजलेला. हिवाळ्याच्या तोंडाला मेंढ्या कापल्या की त्यांची चरबी आणि डोंगरातल्या झुडपांची राख यांतून ती वर्षाचा साबण एका दिवसात उतरवायची. केसांना तोच, उन्हावाऱ्यानं तडकलेल्या गालांना तोच, लेकरांच्या डोक्यावरच्या खपल्यांनाही तोच. उलथन्याला तिनं सुनेला कधी बोट लावू दिलं नव्हतं. यंदा हात मोडला म्हणून नाइलाज झाला. त्यात सालकीनच्या तान्ह्या लेकीला उद्या चाळीस दिवस होत होते. गावातल्या बाया येणार, एकेक चमचा पाणी घालून पोरीला न्हाऊ घालणार, आणि अंगाला साबण लागणार तो घरचाच. साबण सून करतेय ही बातमी झूराकाननं आधीच गावभर केली होती. तो बिघडला तर सालकीनच्या हाताला गुण नाही, यावर सगळ्या गावाचं शिक्कामोर्तब होणार होतं.

गवताचा भारा घेऊन नवरा, सागीन, मागून गेला. कढईत डोकावला. "एवढा जीव कशापायी आटवताय? दुकानातनं आणतो की. गुलाबाच्या वासाचा मिळतो."

"आण! अन् तूच घास अंगाला," झूराकान म्हणाली. "माझ्या नातीला दुकानातला साबण लावतोय, मोठा आलाय."

सागीननं तिथून काढता पाय घेतला.

सालकीननं कोंबडीचं अंडं आणून राखेच्या उरलेल्या पाण्यात सोडलं. पाण्याला जोर असता तर ते वर तरंगलं असतं. ते सरळ तळाला जाऊन बसलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. काही म्हणता काही चरचरलं नाही.

"आपा, पाण्याला जोर न्हाई. राखेतच कायतरी हाय."

"राखेत?" झूराकान अर्धी उठली. "ती राख म्या जाळली, म्या भरली! तू ह्या घरात यायच्या आधीपासनं माझ्या राखेला कुणी नाव ठेवलं न्हाई. सोताचा हात बघ आधी!"

सालकीन कोठारात गेली. साबणाच्या राखेचं पोतं लाल चिंधीनं बांधलेलं असायचं. तिनं आत कोपरापर्यंत हात घातला. वरची राख मऊ होती, पिठासारखी. खाली मात्र हाताला खरखरीत लागलं. मूठभर बाहेर काढून उजेडात धरली तर तांबूस राख आणि जळक्या दगडाचे खडे. ही शेगडीतल्या कोळशाची राख. हिच्यात साबण धरायचा दम कुठला!

शेगडी झूराकान साफ करायची. हात मोडल्यावरसुद्धा एका हातानं करायची, मी बसून खाणार नाही म्हणायची. कोळशाच्या राखेचं पोतं शेजारीच होतं, त्याला चिंधी नव्हती. डोळे असलेल्या माणसाची चूक व्हायचं काही कारण नव्हतं.

आणि मग सालकीनच्या एकदम ध्यानात आलं. सासूनं चहा ओतला की हल्ली वाडग्याबाहेर सांडतो. परवा शेजाऱ्यांच्या कुत्र्याला आपला समजून ती हाडूक टाकत होती. ओढ्यावर ती बर्फावर घसरली नव्हती, वाटेतली बादली तिला दिसली नव्हती.

खोटं कशाला बोला, आधी सालकीनला आनंदच झाला. आता हेच खडे अंगणात नेऊन सासूच्या मांडीवर ओतावेत, असं तिच्या मनात आलं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथं तिला थोरल्या दिराचा फोन आठवला. हात मोडल्याचं कळल्यावर तो बिश्केकहून म्हणाला होता, आणखी काही झालं तर गाडी घेऊन येतो आणि आईला उचलूनच नेतो. त्या दिवशी म्हातारी जेवली नव्हती. त्याच्या पाचव्या मजल्यावर तिनं एक हिवाळा काढला होता, आणि परत आल्यावर गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडून रडली होती. डोळ्यांचं कळलं तर गाडी दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहील.

सालकीननं मूठ झटकली, शालीखाली बादली घेतली आणि मागच्या बाजूनं गावातल्या कालबूबूकडं गेली.

कालबूबू आणि झूराकान वसंतापासून बोलत नव्हत्या. झूराकानची गाय कालबूबूच्या गवतात शिरली, हे निमित्त झालं. खरं दुखणं जुनं होतं. कालबूबूच्या साबणानं कुत्रंसुद्धा धुऊ नये, असं झूराकान चारचौघींत म्हणायची.

"राख?" कालबूबूनं डोळे बारीक केले. "झूराकानच्या घरात राख सरली?"

"थोडी कमी पडली, एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं सालकीन म्हणाली.

"देते की. पर उद्या सगळ्या बायांच्या म्होरं सांगायचं, साबण कुणाच्या राखेचा ते. बोल, हाय कबूल?"

सालकीनला डोळ्यांपुढं कढई दिसत होती, शेण्या विझत आलेल्या दिसत होत्या. "हाय," ती म्हणाली.

त्या राखेचं पाणी तपकिरी, दाट उतरलं. अंडं त्यात टुणकन वर आलं. ते पाणी कढईत पडल्यावर चरबी हळूहळू धुरकट झाली, मग तपकिरी, मग काळी. उलथनं जड झालं. सालकीनच्या खांद्यांतून कळा येत होत्या, पण ती थांबेना. झूराकान नमद्यावरून उठून कढईपाशी आली, वाफेत तोंड घालून उभी राहिली.

"धरला," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी घर बायांनी भरलं. कणकेचे बोर्सोक तळून झाले, चहा फिरला. कालबूबू वसंतानंतर पहिल्यांदा उंबरा ओलांडून आली आणि थेट वरच्या, मानाच्या जागी जाऊन बसली. पोरीला लाकडी टबात धरलं. सालकीननं साबण हातावर चोळला तर मऊ, दाट फेस आला. बाया वाकून वाकून बघत होत्या.

"लोण्यासारखा झालाय गं!"

"झाला न्हवं?" कालबूबू पुढं सरकली. "मग सूनबाई, सांग की समद्यांस्नी. राख कुणाची?"

नाव घेतलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, तुमच्या राखेला काय झालं? "राख..." ती म्हणाली आणि थांबली. "आमचीच—"

"तिला कशाला इचारतीस?" झूराकानचा आवाज आला. "राख तुझी हाय. ओढ्याकाठचा दलदलीतला पाला जाळतीस तू. कालच वाफेत वास आला मला. माझ्या राखेत मीच कोळशाची राख वतली. डोळे गेल्यात माझे, कालबूबू. ह्या पोरीनं झाकलं. मी दिसभर तिचाच हात वाईट म्हणत बसले, तरी बोलली न्हाई."

टबातल्या पोरीनं पाय झाडले. जिंकायला आलेल्या कालबूबूला कुठं बघावं कळेना.

"तिच्या हाताला गुण हाय," झूराकान म्हणाली. "समद्यांनी ऐकलं न्हवं? आता तुमच्यातली कुणीतरी बिश्केकला फोन करणार, ठावं हाय मला. करा. पर आधी आंघूळ होऊ द्या."

"कोण करतंय फोन?" कालबूबू एकदम कडाडली. तिनं एकेकीकडं रोखून बघितलं. "जी करंल तिच्या दारात मी जल्मात पाऊल ठेवायची न्हाई. सांगून ठेवते!"

"मग मीच करते. माझ्या दारातनं तुझी पीडा तरी टळंल," झूराकान म्हणाली.

घरभर हसू उसळलं. कालबूबूसुद्धा डोक्यावरच्या रुमालाच्या टोकात तोंड घालून हसली. सालकीनला मात्र हसू येईना, तिचे डोळे भरून आले होते. झूराकान डाव्या हातात पाण्याचा चमचा घेऊन टबाच्या कडेवर चाचपडत होती. सालकीननं तिचं मनगट धरलं आणि चमचा लेकीच्या डोक्यावर आणला.

"इथं, आपा," ती म्हणाली. "आता वता."